पी ०४२० कोड पुन्हा पुन्हा येतोय: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलायलाच हवा का?

रोजचीचारचाकी:
गाडी पेट्रोल, १.२ लिटर, चार सिलिंडर, ९२ हजार किमी. चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनरवर पी ०४२० (कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची, म्हणजे कॅटची, कार्यक्षमता कमी) एवढा एकच कोड. पिकअप नेहमीसारखा, मिसिंग नाही, मायलेज मात्र थोडं पडलंय. कोड पुसला तर चार दिवसांत परत हजर. गॅरेजमध्ये गाडी स्कॅनरला लावली, कोड वाचला आणि लगेच सांगितलं, 'कॅट गेला, नवा टाका.'

माझ्याकडे ब्लूटूथ स्कॅनर आहे, लाइव्ह डेटा आणि ग्राफ दिसतात. कॅट खरंच गेलाय हे घरी कसं तपासायचं? आणि नुसता मागचा ऑक्सिजन सेन्सर बदलून भागेल का?

पानापेटी:
मागच्या, म्हणजे कॅटनंतरच्या सेन्सरचं आधी सांगतो. बहुतेक वेळा भागत नाही. का, ते कळायला कोड कसा लागतो ते बघावं लागेल.

कॅटच्या आत मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी असते. तिच्या भोकांना आतून ॲल्युमिनाचा खरबरीत लेप, त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम, आणि सोबत सीरियम ऑक्साइड. कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं पेट्रोल जाळणं, नायट्रोजन ऑक्साइड फोडणं ही कामं पहिल्या तिघांची. सीरियमचं काम साठवणुकीचं. हवा-पेट्रोलचं मिश्रण लीन (पेट्रोल कमी) झालं की ते जादा ऑक्सिजन धरून ठेवतं, रिच (पेट्रोल जास्त) झालं की सोडतं.

ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, मिश्रण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल याच्या आसपास सतत किंचित खालीवर करत असतो. त्यामुळे पुढचा, कॅटच्या आधीचा सेन्सर साध्या प्रकारचा असेल तर ०.१ ते ०.९ व्होल्ट असा झुलत राहतो. कॅट धडधाकट असेल तर हे हेलकावे सीरियम गिळून टाकतं आणि मागचा सेन्सर ०.६ ते ०.७ च्या जवळपास जवळजवळ सरळ रेघ काढतो. साठवण कमी झाली की मागचाही पुढच्याची नक्कल करायला लागतो. ईसीयू या दोन रेघांची तुलना करतो आणि सहसा सलग दोन फेऱ्यांत निकाल वाईट आला की दिवा लावतो. म्हणजे प्रदूषण किती होतंय ते तो थेट मोजतच नाही, ऑक्सिजनच्या साठवणीवरून अंदाज बांधतो. या मोजणीत घोळ घालणारी कुठलीही गोष्ट, उदाहरणार्थ सायलेन्सर लाइनमधली गळती, कॅट ठीक असताना कोड लावू शकते.

आता तुमचा मागचा सेन्सर. सेन्सर जुना झाला की सुस्त होतो. सुस्त सेन्सर सरळ रेघ काढतो, म्हणजे उलट कॅट चांगला असल्याचा भास होतो. हा कोड लागायला मागचा सेन्सर बऱ्यापैकी जागा असावा लागतो.

तपासणी अशी करा:

१. कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम (कोड लागला त्या क्षणाची नोंद) वाचून लिहून ठेवा: आरपीएम, लोड, कूलंटचं तापमान, फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो तो आकडा). पुसलं की तेही जातं.
२. गाडी १५-२० मिनिटं चालवून पूर्ण गरम करा. कॅट साधारण २५० ते ३०० अंशांच्या पुढे कामाला लागतो आणि आयडलवर उभा ठेवला की थंडावतो. आयडलवरचा ग्राफ बघून कॅटला बाद करू नका.
३. २५०० आरपीएम दोन-तीन मिनिटं धरा. दोन्ही सेन्सर एकाच ग्राफवर लावा.
४. मागच्या सेन्सरची परीक्षा: झटकन रेस द्या, ०.८ च्या वर जायला हवा. चालत्या गाडीत गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडा, इंधन बंद होतं तेव्हा ०.१ च्या आसपास उतरायला हवा. दोन्ही जमलं तर सेन्सर ठीक.

पुढचा सेन्सर वाइडबँड (मिश्रणाचं नेमकं प्रमाण मोजणारा) असेल तर तो असा झुलताना दिसणार नाही. मग मागच्याची रेघ तेवढी बघा.

काजळी:
वरच्यात भर. ग्राफच्या आधी फ्युएल ट्रिम बघा. शॉर्ट टर्म (त्या क्षणाची) आणि लाँग टर्म (ईसीयूने शिकलेली) ट्रिम यांची बेरीज ±५ टक्क्यांच्या आत असेल तर मिश्रण ठीक. १० च्या पुढे गेली तर आधी त्याचा शोध, कॅट नंतर.

आयडलवर मोठा अधिक आकडा आणि २५०० वर तो जवळजवळ शून्य: बाहेरची हवा शिरतेय. इनटेकचा गॅस्केट, पीसीव्हीची (इंजिनातली वाफ इनटेकला नेणारी) नळी, ब्रेक बूस्टरची नळी. लोडवर अधिक वाढत जातो: पेट्रोल पुरत नाही. पंप, फिल्टर किंवा इंजेक्टर. आकडा वजा: पेट्रोल जास्त जातंय. टपकणारा इंजेक्टर, उघडा अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा), चुकीचं सांगणारा एअरफ्लो सेन्सर. ही वजावाली मंडळी कॅटला जास्त धोक्याची, कारण जादा पेट्रोल कॅटमध्ये जाऊन जळतं आणि जाळी तापून लेप निकामी होतो. मिसिंगही तेच करतं. दिवा नुसता लागलेला नसून लुकलुकत असेल तर मिसिंग कॅटला मारतंय असं समजा आणि तशी गाडी पुढे दामटू नका.

वाफाळ:
इतकी भानगड कशाला? इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या, कॅटच्या आधी आणि नंतर पाइपचं तापमान मोजा. मागचं तापमान पुढच्यापेक्षा जास्त असेल तर कॅट चालू.

पानापेटी:
जुन्या इंजिनांना हे लागू पडायचं, कारण कॅटमध्ये जाळायला भरपूर माल यायचा. आताचं इंजिन नीट ट्यून असेल तर कॅटला काम कमी, मग चांगल्या कॅटचाही फरक नगण्य येतो. शिवाय वर हीट शील्ड, चकचकीत पाइप, बंदूक थोडी तिरकी धरली की आकडा वेगळा. याच्या जोरावर कॅट बदलू नये. रबरी हातोडीने कॅटला हलकेच टिचकी मारून आत खडखड वाजतंय का ते ऐकणं जास्त उपयोगी. खडखड म्हणजे जाळी फुटलीय, पुढची चर्चा संपली.

रोजचीचारचाकी:
आज मोजलं. लाँग टर्म आयडलवर +१४, २५०० ला +३. पुढचा सेन्सर साधाच, झुलतो. मागचा २५०० वर ०.६ च्या आसपास राहतो पण मध्येच ०.२ पर्यंत खचकन उतरतो, असं मिनिटात पाच-सहा वेळा. रेस आणि सोडण्याच्या परीक्षेत पास. खडखड नाही. सकाळी थंड स्टार्टला बॉनेटखालून 'फट् फट्' असा बारीक आवाज येतो, पाच मिनिटांत थांबतो. प्लग काढले तर दोन नंबरचा काळा, बाकीचेही जरा काळपट. इनटेकच्या नळ्यांवर साबणाचं पाणी मारलं, काही दिसलं नाही.

काजळी:
इनटेकवर साबणाचं पाणी चालत नाही, तिथे आत ओढणारी पोकळी असते, फेस कसा येणार? तिथे स्मोक टेस्ट करा, म्हणजे आत धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते बघा.

पण तुमच्या बाबतीत मी आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डकडे बघेन. दोन गोष्टींवरून. थंडीत येणारा आणि गरम झाल्यावर थांबणारा आवाज म्हणजे गॅस्केटची फट किंवा बीडाला गेलेली चीर. धातू तापून फुगला की ती बुजते, पण पूर्ण बुजतेच असं नाही. आणि काळे प्लग. इनटेकमधून खरोखर हवा शिरत असती तर ईसीयूने +१४ देऊन मिश्रण बरोबर केलं असतं, प्लग काळे व्हायचं कारण नाही.

एक्झॉस्ट धक्क्याधक्क्याने येतो. प्रत्येक धक्क्यामागे क्षणभर दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो आणि फटीतून हवा आत ओढली जाते. पुढच्या सेन्सरला त्यातला ऑक्सिजन दिसतो, ईसीयूला वाटतं मिश्रण लीन, तो पेट्रोल वाढवतो. प्रत्यक्षात सिलिंडरमध्ये रिच जळतंय. आयडलवर एक्झॉस्टचा ओघ कमी, म्हणून चोरून आलेल्या हवेचा वाटा मोठा. २५०० वर तोच वाटा किरकोळ. ट्रिमचा नमुना हुबेहूब इनटेकच्या गळतीसारखा दिसतो आणि इथेच बरेच जण फसतात.

मागच्या सेन्सरचं खचकन उतरणंही अशाच हवेचं लक्षण असू शकतं. कॅटची साठवण संपली असती तर पुढच्यासारखा तालात झुलला असता. मात्र दोन सेन्सरच्या मधली जागा, विशेषतः जाळीदार लवचीक पाइप आणि फ्लँज, तीही तपासा.

शोधायची पद्धत: इंजिन गार असताना ब्लोअरची नळी सायलेन्सरच्या तोंडाला कापड गुंडाळून बसवा, हवा सोडा आणि मॅनिफोल्डपासून मागच्या सेन्सरपर्यंत प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारा. इथे दाब बाहेरच्या बाजूला आहे, त्यामुळे फेस धरतो. हीट शील्ड काढून दोन नंबरच्या पोर्टजवळ टॉर्च मारा. गॅस्केटच्या कडेपासून पंख्यासारखी पसरलेली काळी काजळीची खूण दिसली की दुसरं काही शोधू नका.

रोजचीचारचाकी:
दिसली. दोन नंबरच्या पोर्टखाली, बोटभर लांब काळा पट्टा, आणि फेस तिथेच. लवचीक पाइप आणि फ्लँज कोरडे. गॅस्केट घरी बदलता येईल का?

पानापेटी:
येईल, पण घाई केली तर स्टड तुटतात. आदल्या रात्री नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. नट हलेनासा झाला तर थोडा पुढे, थोडा मागे असा खेळवत काढा. मॅनिफोल्ड काढल्यावर त्याच्या तोंडावर सरळ पट्टी आडवी धरून फीलर गेज घाला. वाकडेपणा मॅन्युअलमधल्या मर्यादेबाहेर असेल तर घासून सपाट करून घ्या, नाहीतर नवा गॅस्केटही काही महिन्यांत फुंकेल. चीर आहे का तेही बघा, चिरेपाशीही अशीच काजळी असते.

जुना गॅस्केट परत लावू नका. साधा सिलिकॉन सीलंट तर अजिबात नको, त्याची वाफ सेन्सरच्या टोकावर थर धरते. नट मधून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन फेऱ्यांत, मॅन्युअलच्या टॉर्कने. सेन्सर काढावा लागलाच तर बहुतेकांना २२ चा खाचेचा पाना लागतो. आट्यांवर निकेलची अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) पुसट लावा, टोकाला लागू देऊ नका. बऱ्याच नव्या सेन्सरच्या आट्यांवर ती आधीच असते. वायरला पीळ पडू देऊ नका.

काजळी:
गॅस्केट झाल्यावर कोड पुसा, म्हणजे बहुतेक गाड्यांत शिकलेली ट्रिमही शून्यावर येते. पुसल्याने रेडिनेस मॉनिटरही (ईसीयूच्या स्वतःच्या तपासण्या झाल्या की नाही याची नोंद) रिकामे होतात, त्यामुळे दिवा गेला म्हणून लगेच खूश होऊ नका. थंड स्टार्टपासून सुरू करून, गरम झाल्यावर ७० ते ९० च्या स्थिर वेगाने दहा-पंधरा मिनिटांचे दोन-तीन टप्पे चालवा. स्कॅनरवर कॅटॅलिस्ट मॉनिटर 'पूर्ण' दिसला आणि कोड नाही, तर कॅट वाचला.

मॉनिटर नापास झाला आणि तेव्हा ट्रिम ±५ च्या आत असेल, तर मात्र कॅट खरंच थकलाय. तेव्हाही आधी ऑइल कमी होतंय का बघा. ऑइलमधला फॉस्फरस लेपावर बसतो आणि नव्या कॅटचीही तीच गत होते. बाटलीतल्या क्लीनरने असा थर जात नाही. मागच्या सेन्सरला स्पेसर लावून बाहेर ओढायचा सल्लाही कुणी देईल. त्याने दिवा विझतो, धूर तसाच बाहेर पडतो.