गच्चीवर सोलर लावून हवामान बदलाला काय फरक पडणार? एजीएममधला वाद (नेरूळ)

संध्या_नेरूळ

नमस्कार मंडळी, जरा लांब लिहितेय पण विषय डोक्यातून जातच नाहीये.

आमची सोसायटी नवी मुंबईत नेरूळला, खाडीच्या बाजूच्या सेक्टरमध्ये, ६० फ्लॅट. यंदाच्या एजीएममध्ये (वार्षिक सभेत) कमिटीने दोन विषय ठेवले होते, एक म्हणजे गच्चीवर २० किलोवॅटचं सोलर, ज्यावर लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे चालतील, आणि दुसरा ओल्या कचऱ्याचं आवारातच खत करायचा. दोन्ही विषय पडले. आणि पैशांवरून पडले असते तर मला एवढं लागलं नसतं. एक ज्येष्ठ काका उठले, म्हणाले, "उलव्याची टेकडी कापली, नदी वळवली, भराव टाकून विमानतळ उभा केला, आणि आता लिफ्टच्या विजेचा हिशोब आपल्याकडे मागताय? आधी सरकारला विचारा." लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि विषय मिटला.

काका जे बोलले त्यात खोटं काही नाही, नवी मुंबई विमानतळासाठी टेकडी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गेली. पण मग त्याचा अर्थ आपण काहीच करायचं नाही असा कसा होतो, हे मला पटत नाही. एप्रिल २०२३ मध्ये खारघरला महाराष्ट्र भूषणच्या कार्यक्रमात उन्हाने माणसं गेली, ती इथे आपल्या जवळच. ते सरकारचं नियोजन चुकलं म्हणून झालं की हवा तापली म्हणून, की दोन्ही?

तर प्रश्न असा की यात माणसाची जबाबदारी कुठपर्यंत आणि सरकारची कुठून सुरू होते? आणि ज्यांच्या सोसायटीत सोलर झालंय त्यांनी प्लीज अनुभव लिहा.

निवृत्त_विद्युत_अभियंता

संध्याताई, आधी आकडे घ्या, मग वाद घाला, नाहीतर एजीएममध्ये टाळ्यांवरच निकाल लागतो.

आपल्या भागात १ किलोवॅट सोलर दिवसाला सरासरी ४ युनिट देतं, पावसाळ्यात कमी, मार्च ते मेमध्ये जास्त. म्हणजे २० किलोवॅटचे दिवसाला ८० आणि वर्षाला साधारण २९ हजार युनिट. देशातली जवळपास तीन चतुर्थांश वीज अजून कोळशावर होते, त्यामुळे ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरा. वर्षाला २० टन वाचला. भारतात माणशी वर्षाचं सरासरी उत्सर्जन २ टनांच्या आसपास आहे, म्हणजे तुमच्या गच्चीने दहा माणसांचा वर्षभराचा भार उचलला. ६० फ्लॅटमध्ये अडीचशे माणसं धरली तर एकूण ५०० टन, त्यातले २० गेले, म्हणजे ४ टक्के.

४ टक्के कमी वाटतील. पण नुसत्या लिफ्ट-पंप-दिव्यांच्या विजेतून, कोणाच्याही घरातला पंखा बंद न करता ४ टक्के, हे मला तरी मोठं वाटतं. शिवाय पीएम सूर्यघर योजनेत सोसायट्यांच्या सामायिक वापराला किलोवॅटमागे १८ हजार सबसिडी आहे, म्हणजे तुम्हाला ३ लाख ६० हजार. काकांना सांगा, सरकारला विचारा म्हणताय ना, सरकारने हा हात पुढे केलेला आहे, तो तरी धरा.

अमित_घणसोली

साहेबांचे आकडे बरोबर आहेत पण मी काकांच्या बाजूने आहे, आणि आळस म्हणून नाही तर विचार करून आहे.

कार्बन फूटप्रिंट, म्हणजे एका माणसामागे हवेत किती कार्बन जातो त्याचा हिशोब, हा शब्द घराघरात कोणी पोचवला? बीपी या तेल कंपनीने, २००० नंतरच्या दशकात, जाहिराती करून. तेल काढायचं आणि विकायचं त्यांनी आणि तुमचा फूटप्रिंट किती हे मोजत बसायचं तुम्ही. लोक स्वतःला दोष देत बसले की कंपनीला आणि सरकारला कोणी प्रश्न विचारत नाही, त्यांचं काम झालं. आपल्याकडे पण तेच चाललंय, शाळेत पोरांना ब्रश करताना नळ बंद करा शिकवतात (शिकवावंच, पाणी वाचतं) पण त्याच पोरांना शाळेत पोचवायला धड बस नाही, फुटपाथ नाही, सायकल चालवली तर जीव मुठीत. मग आईबाप गाडी घेतात आणि आपण त्यांना म्हणायचं तुमचा फूटप्रिंट वाढला.

जे मोठे बदल झाले ते बघा ना कसे झाले. ओझोनच्या थराला भोक पडत होतं तेव्हा कोणी लोकांना "फ्रीज कमी वापरा" असं सांगून प्रश्न सुटला नाही, १९८७ ला मॉन्ट्रियल करार झाला आणि थर खाणारा फ्रीजमधला वायूच बंद करायला लावला. एलईडी बल्बचं घ्या, २०१४ मध्ये सरकारी खरेदीत एक बल्ब ३१० रुपयांना पडत होता, उजाला या सरकारी एलईडी योजनेत ठोक खरेदी केल्यावर २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. तेव्हा कुठे चाळीतल्या, झोपडपट्टीतल्या घराघरात एलईडी गेला. वीज वाचवा म्हणून पोस्टर लावून गेला नसता.

म्हणून म्हणतो, तुमची ताकद एजीएममध्ये शेजाऱ्यांशी भांडण्यात घालवू नका, ती नगरसेवकाच्या आणि पालिकेच्या दारात घाला.

वैशाली_ऐरोली

मी टॉप फ्लोअरला राहते, वर उघडी गच्ची. मे महिन्यात रात्री अकरा वाजता भिंतीला हात लावला तर गरम लागते, पलंग भिंतीपासून लांब सरकवावा लागतो. माझ्याकडे कामाला येणाऱ्या ताई चिंचपाड्याला पत्र्याच्या घरात राहतात, त्या सांगतात दुपारी घरात बसवतच नाही, पोरांना घेऊन त्या बिल्डिंगच्या जिन्यात येऊन बसतात. त्यांनी काय वैयक्तिक जबाबदारी घ्यायची मला सांगा. त्यांच्याकडे एसी नाही, गाडी नाही, विमान नाही, त्यांच्या वाट्याला फक्त उकाडा.

त्यामुळे अमितदादा, सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका हे तुमचं म्हणणं पटतं, पण मग आपण जे एसीवाले आहोत त्यांची जबाबदारी संपत नाही, उलट वाढते. सुट्टीला मुंबई-लंडन विमानाने जाऊन आलं की माणशी एक टनाच्या वर कार्बन डायऑक्साइड जातो, म्हणजे वरच्या आकड्याने भारतीय माणसाचं निम्मं वर्ष. ती तिकिटं काढणारे आपल्याच सोसायट्यांमध्ये आहेत. आणि एसी तर आता घराघरात दोन-दोन. २०२० पासून नवीन एसी २४ वर सेट होऊन येतात, एक डिग्री वर ठेवला तर साधारण ६ टक्के वीज वाचते असं बीईई (वीजबचतीचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) सांगतं, तरी आमच्याकडे १८ वर लावून वर पांघरूण घेऊन झोपणारे आहेत. यात सरकार काय करणार?

आणि ओला कचरा. तो डम्पिंगवर सडला की मिथेन होतो, आणि मिथेन शंभर वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापवतो. आमच्या सोसायटीत खताचे पिंप बसवलेत, सुरुवातीला वास आला कारण लोक नुसता ओला कचरा टाकत होते, मग दर थरावर सुका पाला आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) टाकायला लागलो, वास गेला. हे काम कोणा मंत्र्याने येऊन करायचं नाहीये.

सेक्टर_४८

मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. विमानतळाला नावं ठेवणं सोपं आहे. त्या विमानतळामुळे, अटल सेतूमुळे, मेट्रोमुळे इथल्या पोरांना कामं मिळणार आहेत. अमेरिकेत माणशी उत्सर्जन १४ टनांच्या घरात आणि आपलं २, आणि आजपर्यंत हवेत जेवढा कार्बन गेला त्यातला जवळपास चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा. आता आपली वेळ आली तर आपणच ब्रेक लावायचा? २०२१ ला ग्लासगोत भारताने २०७० पर्यंत नेट झिरो, म्हणजे जेवढा कार्बन सोडायचा तेवढाच शोषून घ्यायचा, असं जाहीर केलं, त्याच्या आधी आपल्याला उद्योग उभे करायला वेळ लागणारच. ज्यांनी घाण केली त्यांनी आधी साफ करावी.

खाडीवाला_दिवाळे

दादा, अमेरिकेने घाण केली हे शंभर टक्के खरं, पण भरतीचं पाणी अमेरिकेला विचारून आत येत नाही.

आमचं गाव बेलापूरजवळ दिवाळे, कोळ्यांचं. तुम्ही ज्या सेक्टरमध्ये राहता तिथे आधी खाजण आणि मिठागरं होती. सिडकोने (नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी) भराव टाकला तेव्हा कितीतरी जमीन उधाणाच्या भरतीच्या पातळीच्या खालीच राहिली, म्हणून डच पद्धतीने धारण तलाव केले, तुम्ही होल्डिंग पॉण्ड म्हणता ते. त्यांच्या खाडीकडच्या तोंडाला झडपा असतात. भरती आली की पाण्याच्या दाबाने झडप बंद होते आणि पावसाचं पाणी तलावात साठतं, ओहोटी लागली की झडप उघडते आणि साठलेलं पाणी खाडीत जातं. ना पंप, ना वीज. शहर कोरडं राहतं ते या झडपांवर.

आता हे तलाव गाळाने भरलेत, आत तिवरं (खारफुटीची झाडं) वाढलीत. गाळ काढायचा तर तिवरं तोडावी लागतात आणि २०१८ च्या निकालानंतर हायकोर्टाच्या परवानगीशिवाय तिवराला हात लावता येत नाही. तो निकाल चांगलाच आहे, तिवरं गेली तर निवटी, चिंबोरी, कोळंबी सगळंच जाईल. पण तलाव आणि तिवरं दोन्ही कशी वाचवायची याचा मार्ग काढायला हवा, तो कामाच्या गतीने निघत नाही. आणि वरून समुद्र वाढतोय. १९०१ ते २०१८ मध्ये जगाची सरासरी पातळी २० सेंटिमीटरने वर गेली आणि आता वाढीचा वेग जास्त आहे. खाडीचं पाणी वर राहिलं की झडप उघडी राहण्याचा वेळ कमी होतो, आणि त्याच वेळी पाऊस धरला तर पाणी जाणार कुठे? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला, तसा पाऊस उधाणाला गाठून आला तर काय होईल विचार करा.

तर ताई, माझं म्हणणं असं की गच्चीवरचं सोलर जरूर लावा, पण त्याने झडप दुरुस्त होणार नाही. ते काम सिडको आणि महापालिकेचं आहे आणि त्यांच्याकडून ते करून घेणं हे तुमचं-आमचं. आम्ही गावातले लोक अर्ज घेऊन जातो तेव्हा दहा जण असतो. सेक्टरमधल्या सोसायट्यांचे लेटरहेड त्यात असले तर साहेब खुर्चीतून उठतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

संध्या_नेरूळ

दादा, मी या तलावाच्या कडेने रोज सकाळी चालायला जाते आणि ती झडप कशी चालते हे मला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं, खूप आभार.

अमितदादा, तुमचं एलईडीचं उदाहरण मी कालपासून मनात घोळवतेय. किंमत सरकारने खाली आणली हे खरं, पण बल्ब तर लोकांनीच जाऊन आणले ना? सोलरचं पण तेच आहे, सबसिडी येऊन पडलीये आणि ती घ्यायला सोसायटीचा ठराव लागतो, तो मंत्रालयात होत नाही, आमच्या पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून होतो. मग सोसायटी म्हणजे कोण, व्यक्ती की सरकार? मला वाटतं आपण या दोघांच्या मधलं जे आहे ते विसरूनच गेलोय. आणि तिवरांचा निकाल तरी सरकारने स्वतःहून कुठे आणला, बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अॅक्शन ग्रुपने जनहित याचिका केली, वर्षानुवर्षं कोर्टात लढले, तेव्हा मिळाला. ती पण माणसंच होती.

अमित_घणसोली

ताई, सोसायटीचा मुद्दा मान्य, ठराव तिथेच होतो. पण एक फरक ठेवा. याचिका केली ती सरकारला वाकवायला केली, आपापल्या घरी तिवराचं रोप लावायला नाही. मला भीती याचीच वाटते की सोलर लागलं की लोक म्हणणार आमचं झालं, आता आम्हाला काही सांगू नका. असं होताना बघितलंय मी. आमच्याकडे खताचा प्रकल्प झाला, पालिकेचं प्रमाणपत्र मिळालं, फोटो लागला, आणि त्यानंतर शेजारच्या नाल्यात भराव पडत होता तेव्हा सहीला एक माणूस आला नाही. "आम्ही करतोय की आमच्या परीने" हेच उत्तर.

वैशाली_ऐरोली

आमच्याकडे बरोबर उलटं झालं हो. खताच्या पिंपाच्या निमित्ताने पाच-सहा बायका एकत्र यायला लागलो, आधी एकमेकींची नावं पण माहीत नव्हती. नंतर रस्त्यावरची झाडं तोडायची नोटीस लागली तेव्हा आक्षेप नोंदवायला याच गेल्या, आणि काही झाडं वाचली. त्यामुळे लोक थकतात की जागे होतात हे कामावर नाही, ते एकत्र बसून करतात की प्रत्येकजण दार लावून करतो यावर आहे असं मला वाटतं.

सेक्टर_४८

खाडीवाले दादांची पोस्ट दोनदा वाचली. झडपांच्या अर्जावर आमच्या सोसायटीची सही घ्या, मी कमिटीत आहे, करून देतो. पण विकास थांबवा म्हणणाऱ्या कुठल्याही कागदावर सही करणार नाही, तेवढं आधीच सांगतो.

खाडीवाला_दिवाळे

चालेल दादा. अर्जात फक्त तलावाचा गाळ, झडपांची दुरुस्ती आणि तिवरं राखून काम कसं करणार याचा लेखी आराखडा, एवढंच मागतोय. पावसाळ्याच्या आत द्यायचाय.

निवृत्त_विद्युत_अभियंता

अमित, तुमची भीती खरी आहे, पण त्यासाठी सोलर अडवू नका. सोलर आणि झडपांचा अर्ज, दोन्ही विषय एकाच सभेत ठेवा, म्हणजे एक झाला म्हणून दुसरा सुटला असं होणार नाही.

आणि संध्याताई, काकांच्या विरोधामागे गळतीची धास्ती आहे का ते एकदा घरी जाऊन विचारा. बोलताना लोक टेकडीचं बोलतात आणि मनात स्लॅबचं असतं. जुन्या बिल्डिंगला ड्रिल मारून स्टँड बसवू नका, आधी वॉटरप्रूफिंग पूर्ण करा आणि मग काँक्रीटच्या ठोकळ्यांवर स्टँड उभं करा. ठोकळ्यांचं वजन स्लॅबला झेपतं का आणि पावसाळी वाऱ्यात ते टिकेल का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लिहून घ्या. टाकीची आणि जिन्याच्या खोलीची सावली कुठे पडते तेही डिसेंबरात बघून घ्या, तेव्हा सूर्य खाली असतो. कोटेशन आलं की इथे टाका, बघून सांगतो.