ॲलर्जीमुळे मांजर दुसऱ्या घरी देणे म्हणजे तिला टाकणे आहे का?

धागाकर्ती

आमच्या घरी सहा वर्षे राहिलेली मांजर आम्ही चार महिन्यांपूर्वी दुसऱ्या कुटुंबाकडे सोपवली. कारण माझ्या नऊ वर्षांच्या मुलाचा दमा. गेल्या दीड वर्षात त्याला दोनदा मध्यरात्री दवाखान्यात न्यावे लागले, रोजच्या पंपाची मात्रा वाढवावी लागली, आणि त्वचेवरच्या व रक्ताच्या अशा दोन्ही चाचण्यांत मांजरीची ॲलर्जी स्पष्टपणे दिसून आली. तरीही आम्ही लगेच हात झटकले नाहीत. मुलाच्या खोलीत तिला येऊ देणे बंद केले, गालिचे आणि जाड पडदे काढून टाकले, हवेतील सूक्ष्म कण गाळणारे हेपा गाळणीचे यंत्र रात्रंदिवस चालू ठेवले, गाद्या-उशांना अभ्रे चढवले. आठ महिने हे सारे केल्यावरही दर पंधरा दिवसांनी त्याची छाती वाजतच होती.

पुष्कळांना वाटते की ॲलर्जी केसांची असते आणि घर नीट झाडले की प्रश्न मिटतो. तसे नाही. मांजरीच्या ॲलर्जीचे मुख्य कारण असलेले ‘फेल डी १’ हे प्रथिन तिच्या लाळेत आणि त्वचेतील तैलग्रंथींत तयार होते. ती अंग चाटते तेव्हा ते केसांवर पसरते, वाळते आणि इतक्या सूक्ष्म कणांवर बसून हवेत जाते की ते कण तासन्‌तास खाली बसत नाहीत. कपड्यांना चिकटून ते मांजर नसलेल्या घरांत आणि शाळांच्या वर्गांतही पोहोचते. म्हणजे दुसऱ्या खोलीत झोपलेली मांजरही त्या मुलाच्या श्वासात असतेच.

मला सर्वांत जास्त लागलेले वाक्य असे होते : “पोटचे मूल असते तर दिले असते का?” ज्याच्यासाठी तिला दिले तो पोटचाच मुलगा आहे, हे बोलणाऱ्या व्यक्तीच्या लक्षातही आले नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की रस्त्यावर सोडून देणे आणि चौकशी करून, तिची औषधे, सवयी आणि नोंदवही यांसह दुसऱ्या घरी सोपवणे या दोन गोष्टींना एकच नाव देणे अन्यायाचे आहे. दोष द्यायचाच असेल तर तो कसे दिले यावरून द्यावा. दिले एवढ्यावरून नव्हे.

प्रतिसाद १ (निवाऱ्यातील स्वयंसेविका)

आपल्या मुलाची प्रकृती वाचून वाईट वाटले, आणि आपण जे प्रयत्न केले ते करणारे लोक फार थोडे असतात हेही मान्य करते. परंतु आपल्या उदाहरणावरून सर्वसाधारण निष्कर्ष काढण्यास माझा विरोध आहे. मी गेली काही वर्षे प्राण्यांच्या निवाऱ्यात काम करते. ‘ॲलर्जी’ हा शब्द आमच्याकडे इतक्या वेळा येतो की ऐकताक्षणी मनात संशय उभा राहतो, आणि तो संशय आम्हाला अनुभवानेच शिकवला आहे. चाचणी केली का, असे विचारले की बहुतेक जण नजर चुकवतात. घरात धूळ आहे, बुरशी आहे, परागकण आहेत, कोणी धूम्रपान करते; पण घराबाहेर मात्र मांजर जाते, कारण तिला उलट उत्तर देता येत नाही.

याहून गंभीर गोष्ट अशी की ॲलर्जी ही सभ्य सबब आहे. कुत्रा चावतो, मांजर पलंगावर लघवी करते, बाळ झाल्यावर वेळ मिळत नाही, ही खरी कारणे सांगायला लाज वाटते. ॲलर्जी सांगितली की कोणी पुढे विचारत नाही. एकदा ‘आईला ॲलर्जी आहे, कुत्रा अगदी गरीब आहे’ असे सांगून दिलेला कुत्रा नव्या घरी तिसऱ्याच दिवशी एका लहान मुलाच्या हाताला चावला. आधीच्या घरीही तो दोनदा चावला होता, हे आम्हाला नंतर कळले. म्हणून आम्ही कठोर प्रश्न विचारतो. त्याला कोणी न्यायनिवाडा म्हणत असेल तर म्हणू द्यावे.

आणखी एक विचारते. ॲलर्जीची इंजेक्शने घेऊन पाहिली होती का?

धागाकर्ती

विचारले होते. ज्याचा दमा आटोक्यात नाही त्याला ती इंजेक्शने सुरू करत नाहीत, कारण इंजेक्शनाचीच तीव्र प्रतिक्रिया येऊन जिवावर बेतू शकते. आणि दमा आटोक्यात येत नव्हता, कारण मांजर घरात होती. हे वर्तुळ आम्हाला कुठेतरी तोडावेच लागणार होते.

सबबीबद्दल आपण लिहिले ते खरे असेल. किंबहुना ते माझ्याच बाजूचे आहे असे मला वाटते. लोक खरे कारण का लपवतात? खरे बोलले की अपमान होतो, म्हणून. तो कुत्रा चावतो हे त्या कुटुंबाने न घाबरता सांगितले असते, तर त्या मुलाचा हात वाचला असता.

प्रतिसाद २

प्राणी म्हणजे खुर्ची नव्हे, जागा अडते म्हणून उचलून दुसरीकडे ठेवायला. कुत्रे माणसाला धरून असते आणि मांजर घराला, असे जुनी माणसे म्हणत. ते घरच तिच्यापासून काढून घेतले, मग नोंदवही सोबत दिली काय आणि न दिली काय. पाळण्यापूर्वी विचार करायला हवा होता.

प्रतिसाद ३ (स्वतः ॲलर्जी असूनही कुत्रा पाळणारा)

‘पाळण्यापूर्वी विचार करायला हवा होता’ हे वाक्य वैद्यकीयदृष्ट्या पोकळ आहे. ॲलर्जी जन्मतःच ठरलेली नसते. प्राण्याच्या सहवासात कित्येक वर्षे काहीही न होता ती पुढे उद्भवू शकते. मांजर आणली तेव्हा हा मुलगा तीन वर्षांचा होता. त्याच्या सहा वर्षांनंतरच्या छातीचा विचार कोणी आणि कसा करायचा होता?

तरीही मी धागाकर्तींच्या बाजूने पूर्णपणे नाही. मला कुत्र्याची ॲलर्जी आहे, दम्याचा सौम्य त्रास आहे आणि घरात कुत्राही आहे. मी इंजेक्शनांचा मार्ग घेतला. हा उपचार साधारणतः तीन ते पाच वर्षे चालतो, पहिल्या काही महिन्यांत फारसे काही जाणवत नाही आणि सर्वांना गुण येतोच असेही नाही; मला आला. त्याआधी तपशिलात चाचणी केली, आणि ते फार उपयोगी ठरले. कुत्र्याच्या अनेक ॲलर्जीकारक प्रथिनांपैकी ‘कॅन एफ ५’ हे नराच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होते. केवळ त्याचीच ॲलर्जी असणाऱ्या माणसाला मादी कुत्री अनेकदा सोसते. माझ्या बाबतीत तसे निघाले नाही, पण ज्यांच्या बाबतीत निघेल त्यांचा निर्णय बदलू शकतो. बोक्याचेही काहीसे असेच आहे : नसबंदी झाल्यावर ‘फेल डी १’चे प्रमाण कमी होते. मांजरीच्या लाळेतील हे प्रथिन निष्प्रभ करणारे, अंड्यातील प्रतिपिंडे वापरलेले खाद्यही आता मिळते. उत्पादक कंपनीच्याच संशोधनात तिसऱ्या आठवड्यापासून सरासरी ४७ टक्के घट दिसली होती. सौम्य त्रासाला हे पुरेल. रात्री धाप लागणाऱ्या मुलाला पुरेलच, असे मी म्हणणार नाही.

ज्यावर माझा राग आहे ती गोष्ट वेगळीच. ‘ॲलर्जी न होणारी जात’ म्हणून महागडी पिल्ले विकली जातात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील अभ्यासात अशा जातींच्या कुत्र्यांच्या केसांत ‘कॅन एफ १’ हे प्रथिन इतर कुत्र्यांपेक्षा कमी आढळले नाही. उलट जास्तच आढळले. त्या जाहिरातीवर विसंबून पिल्लू आणणारे कुटुंब सहा महिन्यांनी निवाऱ्याच्या दारात उभे राहते, आणि बोलणी विकणाऱ्याला नव्हे तर त्या कुटुंबाला बसतात.

माझा मतभेद एवढाच आहे की पुष्कळ लोक चाचणी आणि उपचार यांच्या आधीच प्राणी देऊन मोकळे होतात. धागाकर्ती त्यांपैकी नाहीत.

प्रतिसाद ४

मी या वादात दुसऱ्या बाजूने आले आहे, म्हणून थोडे तीव्र लिहिते. माझ्या लहानपणी घरात दोन मांजरी होत्या आणि मला ॲलर्जी होती. ‘हळूहळू सवय होईल’ असे सांगितले जाई. सवय झाली नाही. सतत चोंदलेले नाक, तोंडाने श्वास, अपुरी झोप आणि वर्गात पेंगणे यातच शाळा संपली. कोणीही दुष्ट नव्हते. मांजरी देऊन टाकल्या तर लोक काय म्हणतील, हा प्रश्न मात्र माझ्यासमोर चार वेळा उच्चारला गेला, आणि मुलीला रात्री श्वास का घेता येत नाही हा प्रश्न एकदाही नाही. दहा वर्षांच्या मुलीला त्यातून जे कळायचे ते कळले. मी मांजरींवर प्रेम करत होते, आणि माझ्यामुळे त्यांना घर सोडावे लागेल या भीतीने खोकला उशीत दाबत होते. प्राण्याला बोलता येत नाही हे खरेच. पण अशा घरात मुलालाही बोलता येत नाही.

प्रतिसाद १ (निवाऱ्यातील स्वयंसेविका)

वरचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ काही लिहिता आले नाही. लहान मुलाच्या श्वासाचा प्रश्न असेल तेथे मी वाद घालणार नाही, हे आधीच स्पष्ट करायला हवे होते.

परंतु धागाकर्तींचा युक्तिवाद मला अजूनही अर्धाच पटतो. टीका थांबली की लोक खरे बोलतील, असे त्यांना वाटते. माझा अनुभव असा की टीकेची थोडी भीती असते म्हणूनच काही जण आणखी एकदा प्रयत्न करतात, डॉक्टरांकडे जातात, खोली बंद करून पाहतात. ती भीती पूर्णपणे गेली तर देणे फार सोपे होईल. वयस्कर मांजर लवकर कोणी घेत नाही. नव्या जागी ती दिवसेंदिवस पलंगाखालून बाहेर येत नाही, काही तर खाणेच सोडतात, आणि मांजरीने दोन-तीन दिवस खाल्ले नाही तर यकृतावर परिणाम होऊन प्रकरण गंभीर होऊ शकते. हे आम्ही पाहतो. देणारे पाहत नाहीत. तेव्हा चाचणीचा कागद मागणे मी सोडणार नाही. तो मागताना आवाज कसा असावा, याचा मात्र विचार करीन.

शेवटी एक प्रश्न, आणि तो टोमणा नाही. मुलगा आता बरा आहे का? आणि नसेल, तर तिला परत आणणार का?

धागाकर्ती

थोडा बरा आहे, पूर्ण नाही. मांजर गेल्यावरही तिचे कण भिंतींवर, सोफ्यात, गाद्यांत राहतात आणि ते मांजर नसलेल्या घराच्या पातळीवर येण्यास साधारण वीस ते चोवीस आठवडे लागू शकतात. आमचे सतरा झाले आहेत. हे नातेवाइकांना समजावून सांगणे मी सोडून दिले आहे. मुलगा खोकला की त्यांच्यापैकी कोणीतरी ‘मग तिला उगाच घालवली’ असे म्हणते आणि तो माझ्याकडे पाहतो.

ती पहिले पाच दिवस कपाटामागे होती. खाणे दुसऱ्या रात्री सुरू केले. आम्ही तिचे नेहमीचे खाद्य आणि न धुतलेली चादर सोबत दिली होती. आता ती त्या घरातील आजोबांच्या पायाशी झोपते, असे मला कळवले गेले. छायाचित्र आले तेव्हा मुलाने ते दोन बोटांनी मोठे करून तिचा कान पाहिला. तेथे जुनी खूण आहे.

परत आणणार का? नाही. मुलाचा दमा उद्या दुसऱ्याच कशामुळे आहे असे सिद्ध झाले तरी नाही. तिने दोनदा घर बदलावे, हे मला आता मागता येणार नाही.