सोयाबीनमध्ये एवढं प्रोटीन, मग कच्चा भरडा खाऊन पिल्लं वाढेनात का?

विटेकर_पोल्ट्री: नमस्कार मंडळी. विट्याजवळ आमचं कोंबड्यांचं शेड आहे. सोयापेंड परवडेना आणि घरचं सोयाबीन पोत्यांत पडून, म्हणून भरडून मक्यात मिसळायचा विचार आहे. पण चुलत्यांनी तेच केलंय, तर पिल्लं नुसती खातात, अंगी काही लागत नाही. सोयाबीनमध्ये ३६ ते ४० टक्के प्रोटीन म्हणतात, ते जातं कुठं?

मिरजेचे_मास्तर: बरंचसं विष्ठेतून जातं. प्रथिनं पचवणारं ट्रिप्सिन स्वादुपिंडातून तयार अवस्थेत येत नाही, नाहीतर त्यानं स्वादुपिंडच पचवलं असतं. येतं ते झोपलेलं ट्रिप्सिनोजेन. लहान आतड्याच्या सुरुवातीला एन्टेरोकायनेज नावाचं तिथलं एन्झाइम त्याचा छोटासा तुकडा छाटतं आणि ते जागं होतं. जागं झालेलं ट्रिप्सिन म्हणजे ऊसतोड टोळीचा मुकादम समजा. कायमोट्रिप्सिन, कार्बॉक्सिपेप्टिडेज या बाकीच्या गड्यांना तोच उठवतो. कच्च्या सोयाबीनमधलं एक प्रथिन नेमकं या मुकादमालाच धरून बसतं!

बरं, तोटा तिथंच थांबत नाही. आतड्यात मोकळं ट्रिप्सिन कमी पडलं की स्वादुपिंड आणखी रस सोडतं, पिल्लांचं स्वादुपिंड मोठं होतं. तो रसही शेवटी प्रथिनांचाच, त्यात गंधकवाली अमिनो आम्लं भरपूर. सोयाबीनमध्ये त्यातलंच एक, मेथिओनिन, आधीच कमी, त्यात हे असं वाया जाणार. पेंडीला कारखान्यात वाफेची उष्णता मिळते, त्यानं हे धरून बसणारं प्रथिन मरतं, म्हणून ती चालते.

तालीमवाला_सांगली: मास्तर, आमची पोरं रात्री भिजवलेलं सोयाबीन सकाळी कच्चंच चावतात. त्यांचं काय?

मिरजेचे_मास्तर: भिजवल्यानं हे प्रथिन पुरेसं मरत नाही. कुकरमध्ये चांगलं मऊ शिजवायला सांगा.

खाद्यवाला_इस्लामपूर: दादा, भाजून द्या, पण करपवू नका. करपलं की लायसिन हे गरजेचं अमिनो आम्ल जातं, म्हणजे परत तेच. नीट भाजलंय का ते बघायला चमचाभर बारीक पूड कोमट पाण्यात घ्या, चिमूटभर युरिया टाका, झाकण लावून अर्धा तास ठेवा. कच्च्या सोयाबीनमधलं युरिएज हे एन्झाइम युरियापासून अमोनिया करतं आणि तेही उष्णतेनंच मरतं, म्हणून झाकण काढल्यावर नाकात अमोनियाचा भपका आला तर माल अजून कच्चा. हळदीत भिजवलेला ओला कागद वर धरा, अमोनिया असेल तर लालसर होतो. सांगलीत हळदीला काय तोटा! तपासलेली पूड मात्र टाकून द्या, कोंबड्यांपुढे नको.

विटेकर_पोल्ट्री: चुलत्यांना आजच फोन लावतो. कढई मोठी लागेल, कुणाची आहे का भाड्यानं?