मागचा एलएसडी आधी बघा

फोर-व्हील ड्राइव्ह गाडीबद्दल ‘चारही चाकांना ताकद मिळतेच, मग एलएसडी (लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारा डिफरन्शियल) कशाला?’ असा प्रश्न पडतो. डिफरन्शियल म्हणजे इंजिनाची ताकद दोन बाजूंना वाटणारा गिअरचा संच. साधा डिफरन्शियल दोन्ही बाजूंना सारखाच टॉर्क (फिरवणारा जोर) देतो. एक चाक घसरलं की दुसऱ्यालाही तेवढाच तुटपुंजा मिळतो. पुढचा, मधला आणि मागचा असे तिन्ही डिफरन्शियल साधे असतील तर एका अधांतरी चाकापायी अख्खी गाडी अडकते.

वळणावर खरा फरक मागच्या एलएसडीने पडतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर आतलं, हलकं झालेलं चाक फिरू लागतं, तेव्हा टॉर्क बाहेरच्या चाकाकडे वळतो आणि गाडीचं नाक वळणात शिरतं. अंडरस्टिअर (स्टिअरिंग वळवूनही गाडी कमी वळणं) कमी होतो. पुढच्या चाकांना मात्र फार घट्ट एलएसडी नकोच, स्टिअरिंग जड होऊन गाडी सरळ पळायला बघते.

टॉर्सेन (गिअरवर चालणारा एलएसडीचा प्रकार) असेल आणि चाक पूर्ण हवेत गेलं, तर ब्रेक हलकेच दाबून बघा. तेवढ्या अडथळ्यानेही दुसऱ्या चाकाला टॉर्क मिळतो.