चर्चा : सरळ रांगेचे टर्बो इंजिन व्ही-इंजिनाची जागा का घेत आहे?

धागाकर्ता, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

मर्सिडीजने १९९७ मध्ये सरळ एका रांगेतील सहा सिलिंडरचे इंजिन (सरळ सहा) सोडून व्ही-६, म्हणजे तीन-तीन सिलिंडरच्या दोन रांगा इंग्रजी व्ही अक्षरासारख्या तिरक्या जोडलेले इंजिन, स्वीकारले आणि २०१७ मध्ये एम-२५६ इंजिनासह ती पुन्हा सरळ रांगेकडे वळली. इंधनबचत हे एकच कारण त्यासाठी सांगितले जाते, ते मला अपुरे वाटते. व्ही-६ ला दोन हेड (सिलिंडरवरची झाकणे), त्यांखाली दोन गॅस्केट, सहसा चार कॅमशाफ्ट (झडपा उघडणारे दांडे) आणि दोन्ही अंगांना एक्झॉस्ट लागतो. सरळ सहाला एक हेड आणि दोन कॅमशाफ्ट पुरतात, आणि सगळा तप्त वायू एकाच बाजूने बाहेर पडत असल्याने टर्बो (त्याच वायूच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) व कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील विषारी वायू निवळणारा भाग) इंजिनाला अगदी लागून बसवता येतात. कन्व्हर्टर जितका जवळ, तितका तो थंड इंजिन सुरू झाल्यावर लवकर तापतो आणि आजच्या प्रदूषण चाचणीत सुरुवातीचा तोच काळ सर्वांत अवघड असतो. शिवाय सरळ सहाचा तोल मुळातच उत्तम असतो. १९९७ च्या त्या व्ही-६ च्या दोन रांगांत ९० अंशांचा कोन होता आणि त्याला कंपन रोखण्यासाठी वेगळा बॅलन्स शाफ्ट (तोल साधणारा फिरता दांडा) द्यावा लागला होता.

प्रतिसाद, ताराबाई पार्क

आपण लांबीचा विषय पूर्णपणे वगळलात. पुढच्या चाकांना ओढ देणाऱ्या गाडीत इंजिन आडवे बसते आणि तेथे गिअरबॉक्ससह सरळ सहा मावणे फार कठीण असते. टोयोटा आणि होंडा यांनी मोठ्या सेदानमध्ये वर्षानुवर्षे व्ही-६ वापरले ते याच कारणाने. २०२१ च्या लँड क्रूझर ३०० ला टोयोटाने ३.३ लिटरचे डिझेल व्ही-६ दिले, याचे काय? आणि गगनबावड्याच्या घाटात भरलेली गाडी वळणातून उचलताना मोठ्या, टर्बोविरहित इंजिनाची तत्काळ मिळणारी ताकद ज्याने अनुभवली आहे, त्याला टर्बोचा तो क्षणभराचा विलंब जाणवल्याशिवाय राहत नाही.

प्रतिसाद, शिरोली एमआयडीसी

मी ओतकामाच्या धंद्यात आहे, म्हणून कारखान्याच्या बाजूने लिहितो. नव्वदच्या दशकात मर्सिडीजचे व्ही-६ आणि व्ही-८ एकाच कुळातले होते, त्यामुळे दोन्ही एकाच लाइनवर तयार होऊ शकत होते. आता व्ही-८ चा खप आटला आणि चार सिलिंडरचा वाढला, तेव्हा सहा सिलिंडरने आपले सोबती बदलले, म्हणजे ते चार सिलिंडरच्या कुळात आले. बीएमडब्ल्यूने प्रत्येक सिलिंडर सुमारे अर्ध्या लिटरचा ठरवून तीन, चार आणि सहा सिलिंडरची बी-३८, बी-४८ आणि बी-५८ ही इंजिने एकाच आराखड्यावर उभी केली. पॅटर्न आणि कोअर (ओतकामाचे साचे), मशिनिंगचे फिक्श्चर (भाग पकडून धरणारे साधन) यांवर किती पैसा अडकतो, हे इथल्या फाउंड्रीवाल्यांना सांगावे लागत नाही. लांबीचा प्रश्नही बराच सुटला आहे : एम-२५६ मध्ये ४८ व्होल्टच्या विजेवर एसीचा कॉम्प्रेसर आणि पाण्याचा पंप चालतो, त्यामुळे हे भाग फिरवणारा इंजिनाच्या पुढचा पट्टाच गेला आणि इंजिन आखूड झाले.

प्रतिसाद, राजारामपुरी

आपल्या रस्त्यांवरचा बहुतेक निर्णय करच घेतो. चार मीटरच्या आतील पेट्रोल गाडीचे इंजिन १२०० सीसीपर्यंत असेल, तर सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी, त्यापुढे ४०. त्या मर्यादेत ताकद हवी असेल, तर नेक्सॉनसारखे तीन सिलिंडर आणि टर्बो हाच मार्ग उरतो.

प्रतिसाद, ताराबाई पार्क

कराचे मान्य, पण त्यातून रचना श्रेष्ठ ठरत नाही. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो; तेल बदलायला उशीर झाला की झीज सुरू होते. जुनी गाडी विकत घेणाऱ्याला तो खर्च सोसावा लागतो, कंपनीला नव्हे.

धागाकर्ता

तेलाविषयीची आपली काळजी रास्त आहे, परंतु ती टर्बोविषयी आहे, सिलिंडरच्या मांडणीविषयी नाही. आपण ज्याचा दाखला दिलात, त्या लँड क्रूझरच्या व्ही-६ ला तर दोन टर्बो आहेत. बी-५८ मध्ये पुढच्या तीन आणि मागच्या तीन सिलिंडरचा वायू दोन वेगळ्या वाटांनी एकाच टर्बोत जातो, त्यामुळे झोत एकमेकांना अडवत नाहीत आणि आपण म्हणता तो विलंब कमी होतो. व्ही-६ मध्ये एकाच टर्बोवर काम भागवायचे, तर एका अंगाचा वायू नळीने दुसऱ्या अंगाकडे आणावा लागतो आणि त्या वाटेत त्याची उष्णता व जोर दोन्ही खर्ची पडतात.