होळकरांची ड्युझेनबर्ग, बॉडी नेमकी कुणाची?

इंदूरकर_पुण्यात: इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्या त्या केशरी-काळ्या ओपन ड्युझेनबर्गचा फोटो पाहिला आणि डोक्यातून जातच नाहीये, गाडी अमेरिकन ना, मग बॉडी लंडनची कशी काय? कुणी नीट सांगेल का?

जुनं_इंजिन: कारण ड्युझेनबर्ग बऱ्याचदा पूर्ण गाडी विकत नसे हो! इंडियानापोलिसच्या कारखान्यातून चॅसी (गाडीचा सांगाडा) आणि इंजिन मिळायचं, बॉडी तुम्ही आवडीच्या कोचबिल्डरकडून, म्हणजे बॉडी बनवणाऱ्याकडून, करून घ्यायची. महाराजांनी ती लंडनच्या गर्नी नटिंगकडून करून घेतली, डिझाइन ए. एफ. मॅकनील यांचं. ड्युझेनबर्गचं ‘मॉडेल जे’ १९२८ मध्ये आलं, सरळ आठ सिलिंडर, ६.९ लिटर, डबल ओव्हरहेड कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे दोन दांडे सिलिंडरच्या वर), एका सिलिंडरला ४ व्हॉल्व्ह, कंपनीचा दावा २६५ हॉर्सपॉवरचा! तुमच्या फोटोतली एसजे, म्हणजे त्याच मॉडेलची सुपरचार्जरवाली (इंजिनात जादा हवा दाबून भरणारी), तिचा दावा ३२०. त्या काळात हे आकडे वाचून लोकांचे डोळे पांढरे झाले असतील.

सांगलीचा_मेकॅनिक: मला त्या लांबलचक बॉनेटचं वेड आहे, एवढा मोठा चॅसी आणि बसायची जागा जेमतेम दोघांची, मागे नुसती उतरती शेपटी, असं धाडस आज कोण करेल?

इंदूरकर_पुण्यात: खूप आभार! मग कंपनी बंद का पडली?

जुनं_इंजिन: मंदी. मॉडेल जे आलं आणि वर्षभरात शेअर बाजार कोसळला, १९३२ मध्ये कंपनीचे एक संस्थापक फ्रेड ड्युझेनबर्ग अपघातानंतर गेले, आणि १९३७ मध्ये मालक ई. एल. कॉर्ड यांचं सगळं साम्राज्यच मोडलं. फार वाईट वाटतं, माझ्या मते अमेरिकेने यापेक्षा देखणी गाडी बनवलीच नाही.