'द आउट्रेजियस ओकोना': एका पात्रापायी अख्खा भाग का फसतो?

धूमकेतू:
'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' या अंतराळातल्या टीव्ही मालिकेच्या दुसऱ्या सीझनमधला हा भाग (१९८८). ओकोना छोट्या मालवाहू जहाजाचा कप्तान. जहाज बिघडतं, एंटरप्राइज (मालिकेतलं मुख्य अंतराळयान) मदतीला जाते, आणि दोन शेजारी ग्रहांचे प्रमुख त्याला ताब्यात मागायला येतात. डेबिन म्हणतो, याने माझ्या मुलीला, यानारला, फसवलं. कुशेल म्हणतो, याने आमचं रत्न पळवलं. कथानक झकास, तरी ओकोना पडद्यावर आला की डोकं उठतं. दोष बिली कॅम्पबेलच्या अभिनयाचा की लिखाणाचा? याच मालिकेतला दुसरा एक कप्तान, जेलिको, ओकोनापेक्षा कितीतरी उद्धट, पण त्याचे भाग पुन्हा पुन्हा बघावेसे वाटतात.

ध्रुव_७:
लिखाणाचा. कॅम्पबेल दिलेलं काम चोख करतो. पण ओकोनाने काही करून दाखवायच्या आधीच त्याचं प्रमाणपत्र आपल्या हातात येतं. तो स्क्रीनवर दिसतो न दिसतो तोच ट्रॉय (एंटरप्राइजवरची समुपदेशक, दुसऱ्याच्या भावना ओळखणारी) सांगून टाकते, हा खोडकर आहे, कुणाची भीड न ठेवणारा आहे. माणसं क्षणात इकडून तिकडे पाठवणाऱ्या ट्रान्स्पोर्टर रूममधली अधिकारी (टेरी हॅचर, श्रेयनामावलीत नाव नाही) दोन वाक्यांत विरघळते. प्रेक्षकाने स्वतः ठरवावं असं काही उरतच नाही.

त्याहून मोठी गोची गुपिताची. यानारचं प्रेम कुशेलच्या मुलावर, बेंझानवर आहे, आणि ओकोना त्या दोघांचा निरोप्या. त्यांच्यासाठी तो आळ अंगावर घेतो, हा त्याचा सगळ्यात चांगला गुण. पण तो आपल्याला कळतो पार शेवटी! तोवर दिसतं एवढंच की दोन बाप हातघाईवर आलेत आणि हा गालातल्या गालात हसतोय.

सुकाणू:
सहमत. आता जेलिको बघा ('चेन ऑफ कमांड', १९९२). एंटरप्राइजचा नेहमीचा कप्तान पिकार्ड मोहिमेवर जातो, त्याच्या जागी हा येतो. आल्या आल्या तीन पाळ्यांच्या चार करतो, ट्रॉयला गणवेश घालायला लावतो, पिकार्डच्या खोलीतला मासा हलवतो, पुढे उपकप्तान रायकरला पदावरून दूर करतो. सगळं खुपतं, कारण झळ आपल्या ओळखीच्या माणसांना बसते. पण घाई कशाची हे माहीत असतं: कार्डासियन हे शत्रू हल्ल्याच्या तयारीत आहेत. आणि त्याचा डाव लागू पडतो. तेजोमेघात दबा धरलेल्या त्यांच्या जहाजांवर सुरुंग पेरले जातात, त्याच बळावर त्यांच्या कैदेतला पिकार्ड सुटतो.

सुरुंग पेरायला शटल चालवणार कोण? सगळ्यात चांगला वैमानिक रायकर. जेलिकोला त्याच्या खोलीवर जावं लागतं. दोघं एकमेकांना तोंडावर सुनावतात, माफी कुणीच मागत नाही. रायकर म्हणतो, मग विचारा मला. जेलिको थांबतो, आणि विचारतो. त्या एका प्रश्नाची किंमत त्याला मोजावी लागते. ओकोनाला अख्ख्या भागात असं काही मोजावं लागत नाही.

कृष्णविवर:
पण सगळं खापर ओकोनावर फोडू नका. येणाऱ्या जहाजांकडे लेझर आहेत, आणि ते एंटरप्राइजची साधी नॅव्हिगेशनची ढालही भेदू शकत नाहीत. धोकाच नाही म्हटल्यावर वेळ जातो ओकोनाच्या लाडात.

डेटाचं (एंटरप्राइजवरचा यंत्रमानव अधिकारी) उपकथानक मात्र बारकाईने बघा. तो होलोडेकवर (हुबेहूब आभासी जग उभं करणारी खोली) विनोद शिकायला जातो, प्रेक्षक तयार करतो. ते खो खो हसतात. मग त्याच्या ध्यानात येतं की हे कशालाही हसतात, म्हणून तो ते हसणं नाकारतो. ओकोनाभोवतीचे एंटरप्राइजवाले नेमके तसलेच प्रेक्षक आहेत! एकाच भागात दोन्ही गोष्टी, आणि लेखकाने त्या एकमेकींना भिडवल्याच नाहीत. ओकोनाच्या विनोदाला सगळे हसत असताना डेटाने 'यात हसण्यासारखं काय?' एवढं विचारलं असतं आणि कुणाला उत्तर देता आलं नसतं, तर भाग तिथेच उभा राहिला असता.

धूमकेतू:
हे पटलं. मग दुरुस्ती करायची तर सुरुवात कुठून?

ध्रुव_७:
गुपितापासून. पंधराव्या मिनिटाच्या आसपास बेंझानचा एखादा निरोप ओकोनाच्या जहाजात सापडू दे, फक्त प्रेक्षकाला. मग तेच हसू धीराचं वाटेल. दुसरं, त्याची रोजीरोटी याच दोन ग्रहांमधल्या मालवाहतुकीवर ठेवा, म्हणजे गप्प राहिला तरी धंदा बुडतो आणि बोलला तरी. लेझर आहेत तसेच राहू देत, फक्त ती दोन्ही जहाजं एकमेकांचा चुराडा करू शकतात हे ठसवा. एंटरप्राइजवरच्या तरुण वेस्लीशी एकटेपणावर त्याचं बोलणं होतं तो प्रसंग चांगला आहे. त्याला हात लावू नका, फक्त बराच आधी आणा.